आधी इयत्ता ठरवा, मग पदवी

कागलहून एका ताईंचा प्रश्न आलाय, तो थोडक्यात असा. वय २९. गणित घेऊन बी.एस्सी., ५४ टक्के. पदरात चार वर्षांचा मुलगा. गेली तीन वर्षं जवळच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरी-चौथीला गणित शिकवतात, महिन्याला आठ हजार हातात पडतात. आता शाळा म्हणते, प्रशिक्षण नाही, पुढच्या वर्षीचं बघू. घरचे म्हणतात, बी.एड. करून टाक, डी.एड. हल्ली कोण करतंय! ताईंचं विचारणं एवढंच की रीतसर शिक्षिका व्हायला नेमकं काय काय करावं लागतं, किती वर्षं जातील आणि शेवटी नोकरी लागते का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हमी नाही. पदविका, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), भरतीची अभियोग्यता चाचणी, सगळं पदरात असूनही भरतीची वाट बघत अभ्यासिकेत बसलेली मुलं-मुली कोल्हापुरात चिक्कार आहेत. तरी दर भरतीत माणसं लागतातच आणि ज्यांची कागदपत्रं व क्रम बरोबर असतो तीच लागतात. मी १९८७ साली डी.एड. झाले, दोन वर्षांनी राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीवर हजर झाले आणि २०२३ ला मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. शेवटची दहा-बारा वर्षं आमच्या शाळेत सराव पाठासाठी छात्राध्यापक, म्हणजे डी.एड. करणारी मुलं-मुली, यायचे. त्यांचे पाठ बघता बघता एक गोष्ट पक्की कळली. बहुतेक जण पदवी आधी निवडतात आणि आपल्याला कोणत्या वयाची पोरं झेपतात ते नंतर बघतात. कायद्याची रचना बरोबर उलटी आहे. तुम्ही कुठल्या इयत्तेसमोर उभ्या राहणार, त्यावर तुमचा प्रत्येक कागद ठरतो.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ प्रमाणे शिक्षकाची किमान पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद म्हणजे एनसीटीई ठरवते. त्यांनी २३ ऑगस्ट २०१० ला अधिसूचना काढली आणि तिथून पहिली ते आठवीसाठी टीईटी आली. महाराष्ट्रात पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. आजचं चित्र असं आहे: पहिली ते पाचवी शिकवायला बारावी, दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका आणि टीईटीचा पहिला पेपर. सहावी ते आठवीला पदवी, तिच्या जोडीला डी.एल.एड. किंवा बी.एड. यापैकी एक, आणि टीईटीचा दुसरा पेपर. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड., तिथं आजवर टीईटीची अट नव्हती. अकरावी-बारावीला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. ज्याला आपण अजून डी.एड. म्हणतो त्याचंच नाव मधे डी.टी.एड. झालं आणि आता डी.एल.एड. आहे. दुकान तेच, पाटी बदलली.

आता तुमच्या घरच्यांच्या 'बी.एड. करून टाक'कडे वळू. मधल्या काळात बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीचं दार उघडलं होतं, २८ जून २०१८ च्या अधिसूचनेनं. त्या भरवशावर हजारोंनी बी.एड. केलं. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ते दार बंद केलं. लहान मुलांना शिकवण्याचं शास्त्र वेगळं आहे, बी.एड. त्यासाठी घडवत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. निकालाआधी नेमणूक झालेल्यांना पुढं संरक्षण मिळालं, नव्यांना नाही. थोडक्यात, आज तुम्ही बी.एड. केलंत तर ज्या तिसरी-चौथीत तुम्ही तीन वर्षं रमलात, त्या वर्गात कायद्यानं तुम्हाला परत उभं राहता येणार नाही. हे बी.एड.च्या प्रवेशाआधी कुणी सांगत नाही. महाविद्यालयाला जागा भरायच्या असतात.

मला त्या निकालात तथ्य वाटतं. का, ते एक प्रसंग सांगून दाखवते.

आमच्या शाळेत एक छात्राध्यापिका तिसरीला हातच्याची वजाबाकी घेत होती. पाठ टाचण छान, अक्षर मोत्यासारखं, रंगीत तक्ता. फळ्यावर ४३ वजा १७. एका मुलानं पाटीवर उत्तर काढलं ३४. तिनं पाटीवर खडूनं फुली मारली, फळ्यावर तेच गणित पुन्हा एकदा सोडवून दाखवलं आणि पुढं गेली. तास संपल्यावर मी त्या पोराला जवळ घेतलं, विचारलं, कसं केलंस रे? म्हणाला, "सातातनं तीन गेलं, चार ऱ्हायलं. चारातनं एक गेला, तीन." म्हणजे वर-खाली काही असो, मोठ्यातनं लहान वजा करायचं, हा त्याचा नियम. नियम चुकीचा, पण पाळलेला अगदी काटेकोर. त्याच्या घरचं गुऱ्हाळ होतं. म्हटलं, "तुमच्या गुऱ्हाळात त्रेचाळीस रवे निघाले, अडत्यानं सतरा उचलले. किती ऱ्हायले?" पोरगं पाटीकडं न बघता म्हणालं, "सव्वीस."

"कसं?"

"सतरात तीन घातलं की वीस. विसापासनं त्रेचाळीसला तेवीस. तेवीस न तीन सव्वीस."

छात्राध्यापिका शेजारी उभी. तोंडी सव्वीस, पाटीवर चौतीस, आणि दोन्ही उत्तरं एकाच डोक्यातली. मुलानं थुंकी लावून पाटी पुसली, परत लिहायला बसलं आणि परत ३४ लिहिलं! त्याच्या लेखी गुळाचे रवे वेगळे आणि गणित वेगळं. दुसऱ्या दिवशी तिनं तक्ता घरी ठेवला, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेऊन आली आणि गठ्ठा सोडून सुट्या काड्या करायचं काम त्याच्याच हातात दिलं. दोन दिवस लागले. प्राथमिकच्या प्रशिक्षणाचा गाभा हाच आहे. फुली मारण्याआधी 'कसं केलंस' हे विचारायची सवय. बी.एड.मध्ये विषयाचं अध्यापन चांगलं शिकवतात, पण तिसरीतल्या मुलाच्या डोक्यात दशक कसा तयार होतो, याला तिथं फारसा वेळ नसतो. ती मुलगी पुढं टीईटी पहिल्या खेपेला पास झाली. बालमानसशास्त्राचे निम्मे प्रश्न त्या पाटीवरून सुटले, असं ती अजून सांगते.

तेव्हा ताई, तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: डी.एल.एड. करा. तुमच्याकडं बी.एस्सी. आहेच. पदवी अधिक डी.एल.एड. म्हणजे टीईटीचे दोन्ही पेपर देता येतात, पहिली ते आठवीपर्यंतचं सगळं आवार तुम्हाला मोकळं, आणि सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाचे पदवीधर शिक्षक लागतात ते वेगळंच. बी.एड. केलंत तर सहावी ते दहावी. तिथं जिल्हा परिषदेपेक्षा खासगी अनुदानित संस्थांच्या जागा जास्त, आणि संस्थेच्या जागांची कथा पुढं सांगते. 'डी.एड. हल्ली कोण करतंय' हे खरंच आहे. जागा रिकाम्या राहतात, कितीतरी अध्यापक विद्यालयं बंद पडली. पण करणारे कमी, हे तुमच्या दृष्टीनं वाईट कसं?

एक अट मात्र घालते. फॉर्म भरण्याआधी आठवीच्या वर्गात तीन-चार तास मागं बसून या. ओळखीच्या कुठल्याही शाळेत विचारा, नाही म्हणणार नाहीत. काही बायकांना लहानग्यांत जीव रमतो असं वाटतं, पण खरी मजा येते ती बीजगणितात वाद घालणाऱ्या चौदा वर्षांच्या पोरांत. तसं झालं तर माझं वरचं सगळं मत बाजूला ठेवा आणि बी.एड.ला जा. तुमचे ५४ टक्के आहेत, पदवीला ५० लागतात, अडचण नाही. राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा असते, १०० प्रश्न, ९० मिनिटं: मानसिक क्षमता, सामान्य ज्ञान, शिक्षक कल. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. गणिताच्या विद्यार्थ्याला ती जड जात नाही. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, त्यात एकूण वीस आठवडे शाळेत काढावे लागतात. एक वर्षाचं बी.एड. परत येणार म्हणून थांबलेल्या दोघीजणी मला माहीत आहेत. त्याचा मसुदा २०२५ मध्ये आला, तो चार वर्षांची पदवी किंवा एम.ए.-एम.एस्सी. झालेल्यांसाठी आहे. तुमची पदवी तीन वर्षांची. त्याच्या नादी लागू नका.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. हीच किमान पात्रता करायचं म्हटलंय. तो बारावीनंतरचा रस्ता आहे. तुम्ही पदवी घेऊन बसला आहात, पुन्हा चार वर्षं मागं जाण्यात अर्थ नाही. त्यातून घ्यायचं ते एवढंच की डी.एल.एड. करायचं तर आत्ता करा, मुलगा चौथीत गेल्यावर नको.

डी.एल.एड.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, वेगळी परीक्षा नाही. खुल्या प्रवर्गाला ४९.५ टक्के, मागास प्रवर्गाला ४४.५. तुमचे बारावीचे गुण तुम्ही लिहिले नाहीत, ते आधी बघा, पदवीचे इथं चालत नाहीत. प्रक्रिया पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत ऑनलाइन चालते. विद्यालय निवडताना इमारत बघू नका. दोन गोष्टी विचारा. एनसीटीईची मान्यता चालू आहे का (त्यांच्या संकेतस्थळावर यादी असते, स्वतः बघा, कारकुनाच्या तोंडावर जाऊ नका) आणि सराव पाठाला शाळा कुठली आहे. 'हजेरीचं आम्ही बघतो, परीक्षेला या' असं जिथं सांगतात तिथून चप्पल न काढता परत फिरा. अशी पदविका घेतलेली एक मुलगी माझ्याकडं आली होती. दोन वर्षांत तिनं एकदाही वर्ग घेतलेला नव्हता. पहिल्या नेमणुकीत पहिलीच्या बत्तीस पोरांसमोर तिला रडू फुटलं.

आणि घरी बसून, पत्राद्वारे वगैरे होतं का? तुमच्यासारख्या सेवेत असलेल्या पण अप्रशिक्षित शिक्षकांसाठी एक खिडकी उघडली होती. ३१ मार्च २०१५ ला जे सेवेत होते त्यांनी ३१ मार्च २०१९ पर्यंत पात्रता मिळवायची, अशी. ती बंद झाली. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.एड. सेवेतल्या शिक्षकांसाठी आहे, त्याच्या अटी तुम्हाला आज लागू होणं कठीण. तेव्हा दोन वर्षं रोज जायचं, ही मनाची तयारी करा. आठ हजार सुटतील. मुलाचं कोण बघणार ते सासूबाईंशी आधी बोलून घ्या. हे शैक्षणिक सल्ल्यात मोडत नाही, पण मी बघितलेल्या गळतीत अभ्यास न झेपल्यामुळं सोडणाऱ्या फार थोड्या, आणि घरात हेच बोलणं न झाल्यामुळं सोडणाऱ्या पुष्कळ.

जिल्ह्याला या बाबतीत परंपरा आहे, ती थोडी सांगू द्या. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड. देशाच्या शिक्षणाची दिशा ठरवणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, आणि गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं राहिलं तेही त्यांच्याच पुढाकारानं. शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी १९८५ साली कोल्हापूर शहरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. प्रशिक्षणाच्या दोन वर्षांत एखादा दिवस काढून अशी एखादी प्रयोगशील शाळा आतून बघून या. मुलं बोलत असताना वर्ग कसा चालतो हे पुस्तकात वाचून कळत नाही.

आता परीक्षा. नावांचा घोळ आधी मिटवते. टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, ती पास झालं की पात्र. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीला आपल्याकडं 'टेट' म्हणतात. तिच्यात पास-नापास नाही, तिच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. पहिली उंबरठा, दुसरी शर्यत. दोन्ही राज्य परीक्षा परिषद घेते.

टीईटीचा प्रत्येक पेपर १५० गुणांचा, १५० प्रश्न, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, भाषा एक, भाषा दोन, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. दुसऱ्यात पहिले तीन तसेच आणि गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रं यांपैकी एक ६० गुणांना. तुम्ही गणित-विज्ञान घेणार हे उघड आहे. पास व्हायला ६० टक्के म्हणजे ९० गुण, मागास प्रवर्गाला ५५ टक्के. ऐकायला सोपं, निकाल मात्र बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यात लागतो. कारण लोक जाडजूड मार्गदर्शक पुस्तकं पाठ करतात आणि बालभारतीची पहिली ते आठवीची पुस्तकं उघडत नाहीत. ती ई-बालभारतीवर फुकट आहेत. परिसर अभ्यास आणि मराठीचे प्रश्न तिथूनच येतात. गणितवाल्या मुली मराठी व्याकरणात मार खातात, हे दरवर्षीचं. समास आणि प्रयोग आत्तापासून रोज अर्धा तास करा. बालमानसशास्त्राला वरची पाटी आठवा. '४३ वजा १७ बरोबर ३४ असं उत्तर लिहिणाऱ्या मुलाबाबत शिक्षकानं प्रथम काय करावं' अशा धाटणीचे प्रश्न असतात आणि 'पुन्हा समजावून सांगावं' हा पर्याय फसवा असतो.

केंद्राची सीटीईटीही पहिली ते आठवीसाठी चालते. फरक असा की तिथं भाषेच्या विभागात मराठी घेता येते, पण बाकीची प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीत असते. तुम्ही इंग्रजी माध्यमात शिकवता, म्हणून दोन्ही द्या. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पूर्वी सात वर्षांची मुदत होती, २०२१ मध्ये काढली.

१ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं या परीक्षेचा रंगच पालटलाय. सेवेत असलेल्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय. माझ्या हाताखाली काम केलेले पन्नाशीतले गुरुजी आता नातवाच्या वयाच्या पोरांकडून बालमानसशास्त्रातला 'पियाजे' समजावून घेतात. हसू नये, पण हसू येतं. तुमच्या दृष्टीनं याचा अर्थ इतकाच की परीक्षेला गर्दी वाढेल आणि 'पेपर मिळवून देतो' म्हणणारेही वाढतील. २०१९-२० च्या परीक्षेतला गैरव्यवहार उघड झाल्यावर साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. नोव्हेंबर २०२५ च्या परीक्षेच्या तोंडावर तुमच्याच कागल तालुक्यात पोलिसांनी टोळी पकडली. कुणी मूळ कागदपत्रं तारण मागितली तर तिथंच संबंध तोडा. पैसे गेले तर परत मिळवता येतात, नाव काळ्या यादीत गेलं की संपलं.

अभियोग्यता चाचणी २०० गुणांची, २०० प्रश्न, दोन तास. एका प्रश्नाला ३६ सेकंद. १२० गुण अभियोग्यतेला, ८० बुद्धिमत्तेला. गणितीय आणि तार्किक क्षमता, वेग व अचूकता, इंग्रजी-मराठी, आणि मग श्रेणी, सांकेतिक भाषा वगैरे. तुम्हाला यात वाव आहे. इथं अडचण अभ्यासाची नाही, वेळेची आहे. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ ला झाली, दुसरी २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये. कधी दोन वर्षांचं अंतर, कधी पाच. म्हणून प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षापासून तयारी चालू ठेवा. जाहिरात आल्यावर सुरू करणारा एक भरती मागं राहतो, आणि एक भरती म्हणजे किती वर्षं ते वरच्या तारखांवरून बघा. सरळसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आहे, मागास प्रवर्गाला ४३. तुम्ही २९ च्या. डी.एल.एड. होईपर्यंत एकतीस-बत्तीस. हातात साधारण दोन भरत्या.

भरती होते शासनाच्या 'पवित्र' या ऑनलाइन पोर्टलवर. टेटचे गुण, शैक्षणिक पात्रता, प्रवर्ग, सगळं स्वप्रमाणपत्रात भरायचं, मग पसंतीक्रम द्यायचे. जिल्हा परिषद-महापालिकांच्या जागा मुलाखतीशिवाय, थेट गुणवत्तेवर. खासगी अनुदानित संस्थांना मुलाखतीचा पर्याय आहे, त्यांच्याकडं एका जागेसाठी काही उमेदवार पाठवले जातात. पोर्टल यायच्या आधीची गोष्ट सांगते. १९८८ मध्ये मला एका संस्थेनं मुलाखतीनंतर बाहेर बोलावून 'इमारत निधी' विचारला होता. आकडा वडिलांच्या दोन वर्षांच्या पगाराएवढा. वडील काही न बोलता उठले आणि आम्ही एसटी धरली. आज मुलाखतीला गेलात आणि कुणी तसलंच काही सुचवलं तर हातानं काही लिहून देऊ नका, पैशाचं बोलू नका, मुलाखतीशिवायच्या जागांचे पसंतीक्रम भक्कम ठेवा. पोर्टलनं सगळं धुऊन निघालंय असं मी म्हणणार नाही. पण ओळख ना पाळख अशा घरातली पोरं जिल्हा परिषदेत केवळ गुणांवर लागलेली मी बघितली आहेत.

पसंतीक्रम देताना घरात बसून नकाशा उघडा. कोल्हापूर जिल्ह्यातच लागेल या आशेवर बाकीचे जिल्हे न भरणारे पस्तावतात आणि डोळे झाकून सगळे भरणारेही पस्तावतात. पालघरला नेमणूक झाली तर जाणार का? मुलासकट? आंतरजिल्हा बदलीला वर्षं लागतात. जिल्ह्यातसुद्धा शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड म्हणजे कागल नव्हे. मी वाडीवर असताना जुलैत ओढ्याला पाणी आलं की एसटी अलीकडंच थांबायची, मग छत्री आणि टाचणवही डोक्यावर धरून चालत. त्या वाडीची आठवण आजही सगळ्यात गोड आहे, पण तेव्हा मी चोवीस वर्षांची आणि एकटी होते.

जागा का निघत नाहीत, हे लोक विचारतात. पट कमी होतो, संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात) पद उडतं, तिथला शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं दुसऱ्या शाळेत समायोजन झाल्याशिवाय नवी जागा निघत नाही. बिंदुनामावली, म्हणजे कुठलं पद कुठल्या प्रवर्गाचं त्याची यादी, तपासून व्हावी लागते ते वेगळंच. म्हणून वर्तमानपत्रातली 'इतकी हजार पदं रिक्त' ही बातमी वाचून फार हुरळू नका.

लागलात की पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. मानधन १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार. त्याआधी ते सहा, आठ आणि नऊ हजार होतं, म्हणजे गवंड्याच्या हाताखालच्या माणसाहून कमी. तीन वर्षांनी वेतनश्रेणी, सातव्या आयोगात प्राथमिकला मूळ वेतन २९,२०० पासून सुरू. खासगी संस्थेत लागलात तर शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ क्रमांक (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला) हातात येईपर्यंत पगार सुरू झाला असं समजू नका. 'आदेश मिळाला' म्हणून पेढे वाटून दीड वर्ष बिनपगारी शिकवणारे मी बघितलेत. आणि शाळा विनाअनुदानित आहे, अंशतः अनुदानित की पूर्ण, हे आदेश घेण्याआधी विचारा. विचारायला लाजू नका, गाय घेताना आपण दात बघतोच.

राहिली कागदपत्रं. इथं लग्न झालेल्या बायका सगळ्यात जास्त अडकतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पदवीवर तिसरंच काहीतरी, बापाच्या नावात कुठं 'राव' आहे कुठं नाही. टीईटी, टेट आणि पोर्टलवर एकच नाव जायला हवं, आणि ते दहावीच्या प्रमाणपत्रावरचं ठेवा. सासरचं लावायचंच असेल तर राजपत्रात नाव बदलून घ्या आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडीला ठेवा. आमच्या शाळेत सराव पाठ केलेली एक मुलगी गुणवत्ता यादीत होती. पडताळणीच्या दिवशी सकाळी लक्षात आलं की टीईटीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव आणि टेटच्या गुणपत्रकावर सासरचं. प्रतिज्ञापत्र करायला धावत गेली तोवर स्टॅम्प पेपर विकणारा जेवायला गेलेला. संध्याकाळी पाचला कसंबसं जमलं. ती आता शिरोळ तालुक्यात आहे.

मागास प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्र आजच काढायला टाका, त्याला वेळ लागतो. नॉन-क्रिमीलेअर लागत असेल तर ते तुमच्या आईवडिलांच्या उत्पन्नावर मिळतं, नवऱ्याच्या नाही. सासरच्या तलाठ्याकडं उत्पन्नाचा दाखला मागायला जाऊन दोन-दोन महिने घालवणाऱ्या बायका कमी नाहीत, तुम्ही थेट माहेरच्या तालुक्याला जा. दाखल्याची मुदत अर्जाच्या शेवटच्या तारखेला चालू असायला लागते, म्हणून दर वर्षी मार्च संपला की नवा काढून ठेवायचा.

बारावीची गुणपत्रिका सापडली की किती टक्के ते मला कळवा. ४९.५ च्या खाली असेल आणि प्रवर्ग खुला असेल, तर वरचा डी.एल.एड.चा सल्ला गळून पडतो आणि मग सीईटीचा अर्ज हाच तुमचा रस्ता.